ओपलला ऊन लागतं

“बर्टी, दिवे बंद कर. सगळे.”

वेंडेल शिडीच्या टोकावरून बोलला, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल होता. सोमवारची सकाळ. मी नुकतीच डोक्यावर जाळीची टोपी चढवत आत शिरले होते आणि कॉफी अजून पोटात पोचायची होती. मी म्हटलं, “का? झाडांना अंगाई म्हणायचीय?” एरवी त्यानं मला तिथल्या तिथं उलटं सुनावलं असतं. आज नुसतं म्हणाला, “कर ना.”

मी बटणं दाबली, छताचा साधा दिवा लावला, डोळ्यांवरचा रंगीत चष्मा कपाळावर सरकवला आणि दुसऱ्या बाजूची शिडी चढले. वर जाऊन बघितलं. रॅकच्या तिसऱ्या मजल्यावरच्या झाडांचे शेंडे पांढरे पडले होते. फिके नाही, पिवळे नाही, पांढरे. पिठात बुडवून काढावेत तसे. शुक्रवारी ते हिरवे होते, निदान चष्म्यातून तरी हिरवेच दिसत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही शेंडा सुटला नव्हता.

“हे काय झालं?” वेंडेल विचारत होता. मला नाही, झाडांना.

आमच्या गावात पूर्वी गाड्यांचे बंपर बनायचे. त्या कारखान्यात मी निम्मं आयुष्य घासलं. तो बंद पडला, गाव ओस पडलं, मग मिशिगन राज्यानं गांजावरची बंदी उठवली आणि त्याच इमारतीत गांजाची लागवड सुरू झाली. मी परत त्याच दारातून कामाला जाऊ लागले. जिथे बंपर टांगलेले असत तिथे आता तीन-तीन मजली रॅक आहेत, प्रत्येक मजल्यावर झाडांचे ट्रे, आणि वरच्या फळीच्या पोटाला घट्ट ठोकलेले दिवे. बाहेर बर्फ पडो नाहीतर गारा, आत बारमाही उन्हाळा.

मी इथे कामाला लागून शिकले. वेंडेल प्रुइट बंदीच्या काळातला. त्याच्या बायकोच्या, ओपलच्या, हाडांत कॅन्सर शिरला तेव्हा तिला चार तास झोप लागावी म्हणून त्यानं तळघरात चार झाडं लावली. कोणीतरी चुगली केली. पोलिसांनी दार फोडलं, झाडं उपटून नेली आणि त्याला सात वर्षं आत टाकलं. तो आत असतानाच ओपल गेली. शेवटचं तोंड पाहायलाही त्याला सोडलं नाही.

पोलिसांच्या नजरेतून एक फांदी मात्र सुटली होती. वेंडेलच्या बहिणीनं ती कपड्यांच्या कपाटात दिव्याखाली जगवली. त्या झाडाची फांदी लावून दुसरं, दुसऱ्याची लावून तिसरं, असं वर्षानुवर्षं. वेंडेल त्या झाडाला ओपलच म्हणायचा. बहीण वारली आणि झाड त्याच्याकडे आलं. पण तो राहतो केंद्र सरकारच्या मदतीच्या घरात. राज्यानं गांजा मोकळा केला असला तरी केंद्राची बंदी कायम, त्या घरात एक पान सापडलं की सामान रस्त्यावर. म्हणून त्यानं ओपल कंपनीला दिली. आमच्या मॅनेजर टेसानं कागदपत्रांची खटपट करून ती आत घेतली. मालकांची अट एकच होती. एक पीक नीट काढून दाखवायचं, म्हणजे ओपल कायमची राहील. नाहीतर ती जागा दुसऱ्या वाणाला.

आता ओपल पडली उंच जातीची. तळघरात ती छताला टेकायची. इथे दोन मजल्यांमध्ये माणूस ताठ बसू शकणार नाही एवढीच जागा. त्यात फुलावर टाकलं, म्हणजे दिव्यांचे तास कमी करून फुलं धरायला लावलं, की पहिले काही आठवडे हे झाड वयात आलेल्या पोरासारखं वाढतं. वेंडेलनं तिला लहान असतानाच फुलावर टाकलं. देठ दोन बोटांत चेपून मऊ करायचा, आडवा करायचा, जाळीखाली अडकवायचा, असं रोज चालायचं. “दिवा काही वर सरकत नाही, बाई,” तो तिला म्हणायचा. “तूच वाक जरा.” त्याचं ते बोलणं ऐकत मी खालचे ट्रे पुसायची. मला आवडायचं.

जुन्या लोकांची दिवा तपासायची एक रीत होती. तेव्हाचे दिवे भट्टीसारखे तापायचे. शेंड्याच्या उंचीवर हाताची पाठ धरायची. चटका बसला की दिव्याची साखळी एक कडी वर. वेंडेलच्या उजव्या हाताची पाठ त्यानंच खरखरीत झाली होती. टेसानं आम्हा सगळ्यांना उजेड मोजायचे मीटर दिले होते. वेंडेल त्याला खेळणं म्हणायचा. शुक्रवारी घरी जाताना त्यानं शेवटचा हात धरला आणि मला वर बोलावून माझाही धरायला लावला. “बघ, गार आहे की नाही? आज बांधत नाही तिला. वाढू दे दोन दिवस मोकळी. आणि दिवे पूर्ण राहू दे. ओपलला ऊन लागतं.”

खरंच गार होतं.

टेसा आली तेव्हा आम्ही दोघं तसेच शिड्यांवर उभे होतो. ती माझ्या मुलीच्या वयाची. तिनं दिवे परत लावले, पांढऱ्या शेंड्यांजवळ मीटर धरला आणि आकडा बघून डोळे मिटले.

“वेंडेल, हे एलईडी दिवे तापत नाहीत. म्हणजे तापतात, पण आच वरच्या बाजूनं निघून जाते. खाली येतो तो नुसता उजेड, आणि दोन दिवसांत शेंडे वाढून त्याला जाऊन भिडले. हाताला कळत नाही तो. झाडाला कळतो.”

वेंडेलनं हात वर केला, शेंड्यापाशी धरला.

“गार आहे, मिस टेसा.”

“गारच लागणार.”

“नाही, तुम्ही बघा ना. गार आहे.” त्यानं तिचा हात धरून दिव्याखाली नेला. इतक्या वर्षांत त्याला कोणाच्या अंगाला हात लावताना मी पाहिलं नव्हतं. टेसानं हात काढून घेतला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग तो आपल्या हाताकडे बघत राहिला, हा आपलाच ना, असं बघावं तसा.

“पोलिसांना जे जमलं नाही,” तो म्हणाला, “ते मी केलं.”

टेसा मालकांशी फोनवर भांडली. काचेआडून दिसत होतं, उभी राहून भांडत होती. बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं. पीक जाणार, आणि रोपांच्या खोलीतलं मूळ झाड, जिच्या फांद्यांतून हे सगळं उभं राहिलं ती ओपल, तीही जाणार. कंपनीचं झाड बाहेर न्यायची सोय नाही. प्रत्येक झाडाला नंबर असतो. कापायचं, बारीक करायचं, भुशात कालवायचं, म्हणजे कोणाच्या उपयोगाला येत नाही.

“मी दुसऱ्या कोणाला सांगते कापायला,” टेसा म्हणाली.

“नको. मी करतो.”

मी त्याच्याबरोबर रोपांच्या खोलीत गेले. ओपल कोपऱ्यात उभी होती, हिरवीगार, कमरेएवढी, जगात काय चाललंय याची गंधवार्ता नसलेली. माझा जीव तुटला. मी दार लोटलं.

“ऐक. एक फांदी माझ्या डब्यात टाक. सँडविचखाली. माझं घर माझ्या मालकीचं आहे आणि तळघर रिकामंच पडलंय.”

“कॅमेरा आहे.”

“मी पुढे उभी राहते. एवढी जाडी कशाला झालेय मी?”

त्याच्या ओठाचा कोपरा हलला. हात कात्रीसकट फांदीपाशी गेला आणि थांबला. मला वाटलं, घेतो आता. मी डब्याचं झाकण उघडलं होतं.

“सापडलीस तर तुझी नोकरी जाईल,” तो म्हणाला. “मला परत आत टाकतील.”

“नाही सापडणार.”

“आणि ती पुन्हा लपून जगणार. चोरासारखी.” त्यानं मान हलवली. “नको, बर्टी. गेल्या वेळी ती गेली तेव्हा मी जवळ नव्हतो. आज आहे.”

त्यानं हातमोजे काढले. नियमात बसत नाही ते. एक एक फांदी हातात धरून त्यानं कापली आणि टोपलीत नीट लावून ठेवली. बुंध्याला कात्री पुरेना, तेव्हा करवत मागितली. मी दिली, आणि भिंतीकडे तोंड करून रडले. भुसा त्यानंच कालवला.

पुढच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर नवं वाण आलं. ठेंगणं, गुणी, जागेवर बसणारं. वेंडेलनं कोणी न सांगता खुंटीवरचा मीटर घेतला आणि शिडी चढला. मी खालून बघत होते. पहिल्या ट्रेपाशी त्याचा उजवा हात आपोआप वर गेला, पाठ दिव्याकडे, आणि तसाच थांबला. मग त्यानं तो खाली घेतला, पँटला पुसला, आणि डाव्या हातातला मीटर वर धरला.

दुसऱ्या ट्रेपाशीही आधी हातच वर गेला.