उत्तरेकडे तोंड केलेला बाक

मी एक बाक बोलतोय. लाकडाला काय कळतं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मलाही खात्री नाही. पण माझ्यावर कोण बसलं आणि कोण बसलं नाही, एवढं मला नक्की कळतं. ही हकिगत तेवढ्यावरच उभी आहे.

माझा जन्म एस्टोनियातल्या एका तळ्याकाठच्या गावात, १९६९ साली. शाळेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या हेल्दुरनं वडिलांच्या मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्या काढल्या, रंधा मारला आणि मला घरामागे, तळ्याच्या बाजूला, उत्तरेकडे तोंड करून ठेवलं. गावात हसू झालं. आमच्याकडे ऊन इतकं मोलाचं, की सगळे बाक दक्षिणेकडे बघतात.

"तुझा नवरा उन्हावर रुसलाय का गं?" शेजारणी त्याच्या बायकोला, आस्ताला, विचारत.

"उन्हावर नाही, माझ्यावर," आस्ता म्हणे.

हेल्दुरला उत्तरेचं आकाश हवं होतं. जून-जुलैत आमच्याकडे रात्र पुरती काळी होतच नाही. मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली जेमतेम दडलेला असतो. कधी कधी त्या फिक्या उजेडात, तळ्यापलीकडे, निळसर चांदीचे ढग उजळतात. ओल्या वाळूवर पाण्यानं रेघा ओढाव्यात तसे. नेहमीचे ढग तेव्हा काळे दिसतात. हे मात्र ऐंशी किलोमीटरच्याही वर असतात, त्यामुळे आपल्याला न दिसणारा सूर्य त्यांना दिसत असतो. उल्कांच्या धुळीवर गोठलेला बर्फ, बाकी काही नाही.

हेल्दुर दर पाव तासानं आकाश न्याहाळी आणि पहाटे वहीत त्या रात्रीची एक नोंद करी. ढग दिसले तर किती तेजस्वी ते लिहायचं. आकाश स्वच्छ असून दिसले नाहीत तर शून्य. आभाळ भरलेलं असेल तर तसं लिहायचं. पाहिलंच नाही, तर जागा कोरी. शून्य आणि कोरी जागा एक नव्हे, हे तो वर्गात फळ्यावर लिहून सांगे.

आणि नेमका तोच चुकला.

तेवीस जूनला आमच्याकडे संत योहानच्या नावानं मोठी शेकोटी पेटते. त्या रात्री घरी बसणारा माणूस आजारी तरी असतो, नाहीतर भांडखोर. पहिल्याच वर्षी आस्तानं बजावलं, "ढगांशी लग्न लावायचं असेल तर खुशाल बस. मी नाचायला दुसरा बघते."

तो गेला. पहाटे परतला, अंगाला धुराचा आणि बिअरचा वास, आणि माझ्यावर टेकून कोऱ्या जागेकडे बघत राहिला. नोंदी ज्या सरकारी निरीक्षण केंद्राकडे जात, तिथून कोऱ्या जागांबद्दल विचारणा होई. शिक्षकानं रात्र संताच्या नावाच्या शेकोटीपाशी काढली, असं कागदावर लिहिणं त्या सोव्हिएत दिवसांत बरं नव्हतं. त्यानं शून्य लिहिलं. एकच तर रात्र.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नंतर विचारणारं केंद्र गेलं, ते सरकारही गेलं; शून्य मात्र सवयीनं राहिलं. बेचाळीस वर्षं. त्यातल्या काही रात्री ढग आले होते. समोर कुणी नसताना दीड-दीड तास उजळले. मी पाहिले, पण बाकाला लिहिता येत नाही.

२०११ मध्ये त्याचा गुडघा गेला, शेकोटीची टेकडी चढवेना. तेव्हापासून तेवीस जूनलाही तो माझ्यावर बसू लागला, आणि दिसेल ते लिहू लागला.

मग २०२३च्या जूनमध्ये काद्री आली. त्याची जुनी विद्यार्थिनी, आता वेधशाळेत काम करणारी. वह्या तिनं हिवाळ्यातच नेल्या होत्या, त्या परत घेऊन आली. दुपारची कॉफी माझ्यापाशीच झाली.

"हे ढग वाढताहेत का, यावर आमच्याकडे नुसती भांडणं आहेत, सर," ती म्हणाली. "एक डोळा, एक बाक, चोपन्न उन्हाळे! असं कुणाकडे आहे?"

"आणि वाढले तर बिघडलं काय?" आस्तानं केक कापता कापता विचारलं. "दिसायला बरे असतात की."

"मावशी, आपण सोडलेला मिथेन वर जाऊन मोडतो आणि त्याचं पाणी होतं. धुराड्यांतला वायू इथे खाली ऊब कोंडतो, पण तिथे वर हवा आणखी गार करतो. पाणी आणि गारठा मिळाला, की ढगाला आणखी काय हवं?"

"म्हणजे आमच्या गाई इथे ढेकर देणार आणि वर चांदी होणार!"

काद्री इतकी हसली, की कॉफी माझ्या फळीवर सांडली. मग तिनं एक कागद उलगडला.

"सगळ्यात ठळक हे बघा. तेवीस जून. पहिल्या बेचाळीस वर्षांत एकदाही ढग नाही, नंतरच्या बारा वर्षांत सात वेळा! इतर रात्रींतही वाढ आहे, पण थोडी. पुढच्या महिन्यात परिषदेत मी हेच चित्र पहिलं दाखवणार."

हेल्दुर पुढे सरकला, मागे टेकला, पुन्हा पुढे सरकला. एक्याऐंशी वर्षांचा माणूस. आयुष्यात हे एकच काम नीट झालं, असं त्याला वाटत आलं होतं. बोलला, तर सगळ्या वह्या संशयात जाणार. गप्प राहिला, तर त्याचं खोटं भर सभेत भिंतीवर झळकणार.

"ती रात्र वगळ," तो म्हणाला.

"का? तीच तर खरी..."

"वगळ म्हणतो ना."

"कारण दिल्याशिवाय नोंद वगळायची नाही, हे मला सातवीत कुणी शिकवलं, सर?"

हेल्दुरनं कप माझ्या फळीवर ठेवला.

"मी शेकोटीला असायचो," तो म्हणाला. "ती शून्यं पहाटे येऊन लिहिलेली आहेत. मी पाहिलंच नव्हतं."

काद्रीनं कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "आणि बाकीच्या रात्री? त्या शून्यांवर मी कशी विसंबू?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं. तापातसुद्धा तो घोंगडी पांघरून इथे बसला होता. पण मला कोण विचारतंय?

आस्तानं सुरी खाली ठेवली. "मला विचार. उन्हाळ्यातल्या बाकी प्रत्येक रात्री माझ्या शेजारची उशी थंडगार असायची. चोपन्न वर्षं. शेकोटीची तेवढी एक रात्र तो माझा होता. ती पण खोडायची असेल तर खोडा. पण बाकीच्या रात्री तो इथेच होता, याच्यावर मी सही करते."

काद्री हसली नाही. तिनं पेन हेल्दुरपुढे धरलं. सव्वीस शून्यं निघाली. उरलेल्या सोळा वर्षांत 'आभाळ भरलेलं' अशी नोंद होती, तेवढं तरी खरं होतं. एकेका शून्यावर त्यानं तिरकी रेघ मारली, शेजारी 'पाहिलं नाही' असं लिहिलं आणि सही केली. त्याच्या सहीखाली आस्तानं केली.

"आता वाढ उरते का?" त्यानं विचारलं.

"थोडी. कदाचित. आणखी वर्षं लागतील," काद्री म्हणाली. मग थोडं थांबून, "या तेवीसला मी येते. तुम्ही दोघं गाडीनं शेकोटीला जा."

माझा एक पाय आता कुजलाय, त्याखाली दगड सरकवलाय. आणखी किती वर्षं उभा राहीन, सांगता येत नाही. तुमच्याकडे हे ढग दिसत नसतील, पण तुम्हीही कशाची ना कशाची नोंद ठेवत असालच. एकच मागणं आहे: कोऱ्या जागेची लाज बाळगू नका.

तेवीस जूनला काद्री माझ्यावर एकटी बसली. टेकडीपलीकडून गाण्याचे आवाज येत होते. आकाश स्वच्छ होतं. ढग आले नाहीत. पहाटे तिनं वहीत शून्य लिहिलं. ते खरं आहे. मी तिच्याखालीच होतो.