अष्टमीचं पान

मी तारखांचा गठ्ठा बोलतोय. शिवकाशीच्या छापखान्यात जन्मलो, २००७ सालासाठी पुठ्ठ्यावर ठोकला गेलो आणि वाण्याची भेट म्हणून चेन्नईतल्या या तंजावूरकडच्या मराठी घरात आलो. रोज आंघोळ झाली की सासूबाई, कृष्णवेणी, माझं एक पान फाडतात आणि राहुकाळ वाचतात. तेवढ्या वेळात घरात कुणी नवं काम काढत नाही.

वाचा बापडे. पण मला वैद्य कशाला करता?

सून हरिणीची पहिली दोन्ही बाळंतपणं माझ्या थोरल्या भावंडांच्या पानांवरून ठरली. कळांची वाट न बघता, चांगली वेळ गाठून पोट कापलं. मुली गोड झाल्या, पण गर्भाशयावर वण राहिले. आता तिसऱ्या खेपेला बाळाची वार नेमकी त्या वणांवर रुजली आणि गर्भाशयाची भिंत फोडून लघवीच्या पिशवीत घुसली. लघवीतून रक्त जाऊ लागलं.

हरिणीचा नवरा गिरीधर डॉक्टरांना भेटून आला. "अम्मा, कळा सुरू झाल्या तर रक्त आवरायचं नाही. गुरुवारी दुपारीच ऑपरेशन. गर्भाशय काढतील, लघवीची पिशवी शिवतील."

कृष्णवेणींनी माझी पुढची पानं चाळली. "गुरुवारीं अष्टमी रे, वाईट तिथी. दुपारीं राहुकाळ. सोमवारीं नल्ल नेरम, चांगली वेळ आहे. तंवर निजून राहूं दे तिला."

माझं डोकंच फिरलं. अहो, मी छापील कागद. मला छापणाऱ्याला तुमची सून ठाऊक तरी होती का?

हरिणी भिंतीला धरून उठली. "अम्मा, सोमवारपर्यंत मी जगेन असं त्यात कुठे छापलंय, ते दाखवा."

कृष्णवेणींनी पान सोडून दिलं.

गुरुवारी गिरीधरच्या श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातली माणसं कंपनीच्या बसने रक्त द्यायला गेली. घर ओस पडलं. माझं पान कुणी फाडेना, आणि ती जगली की नाही तेही कुणी सांगेना. अष्टमी मिरवत मी नुसता चरफडत होतो.

अखेर हरिणी आली. गर्भाशय गेलेलं, लघवीला नळी लावलेली, पण आपल्या पायांनी चालत. बाळ गिरीधरकडे होतं. मला रडू आलं असतं तर मी रडलो असतो.

आता मी पातळ झालोय, लवकरच रद्दीत जाईन. माझ्या जागी जो येईल त्याला तारीख विचारा, तिथी विचारा. बाईच्या जिवाचं मात्र डॉक्टरला विचारा, एवढी कृपा करा.

काल बाळाच्या पत्रिकेसाठी जोशांचा फोन आला. त्यांना जन्मवेळ हवी होती.

"ठाऊक नाहीं," कृष्णवेणी म्हणाल्या. "मी सून बाहेर येते कां बघत होतें."