चाकाचा मळवट

शैलेंद्रने दोन्ही डिस्क स्वयंपाकघराच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि एक पाऊल मागे सरून पाहिलं. डावीकडची नवीकोरी, साधी, ताटासारखी सपाट. उजवीकडची वापरलेली, पण घासून चकचकीत केलेली, आणि तिच्या अंगभर ओळीने भोकं पाडलेली. खाली केतकीने वर्तमानपत्र अंथरलं होतं, कारण टेबल तिचं होतं आणि गाडीचा नाद नवऱ्याचा.

"या झाऱ्याने काय बुंदी पाडणार आहेस का?" आईने विचारलं.

"आई, ही ब्रेकची डिस्क आहे. भोकांमुळे गार राहते."

"असेल बाई," आई म्हणाली आणि पोळ्यांकडे वळली.

मागच्या दाराच्या चौकटीला टेकून डेक्लन चहा पीत होता. तो शेजारच्या घरातला. चाळीस वर्षं गॅरेज चालवून आता निवृत्त, आणि निवृत्तीचा सगळा वेळ ल्यूकनमधल्या या वसाहतीतल्या गाड्यांवर आणि त्यांच्या मालकांवर टीका करण्यात घालवायचा. साध्या डिस्कचा जोड त्यानेच ओळखीच्या दुकानातून आणून दिला होता. नाही आवडला तर परत करू म्हणाला होता, पण ते म्हणण्यापुरतंच.

"भोकं दिसायला सुंदर," तो त्याच्या संथ इंग्रजीत म्हणाला. "पण पुन्हा पुन्हा तापली की तिथूनच फाटायला लागतात. तुला गाडी थांबवायची आहे की तिचे फोटो काढायचेत?"

"विकणारा म्हणाला, त्या ग्रँड आहेत."

डेक्लनने चहाचा घोट घेतला आणि आभाळाकडे पाहिलं. आयर्लंडमध्ये सहा वर्षं काढल्यावर शैलेंद्रलाही ठाऊक होतं की इथे 'ग्रँड' म्हणजे उत्तम, बरं, चालेल आणि अजून मेला नाही, यांपैकी काहीही असू शकतं. तरी भोकांच्या डिस्कवर त्याचा जीव जडला होता. काळ्या रिममागून त्या चमकताना कशा दिसतील, हे तो गेला महिनाभर फोनवर बघत होता.

गाडी म्हणजे सतरा वर्षांची दोन सीटची लाल जपानी. ऑगस्टमध्ये तो ती घेऊन पहिल्यांदा किल्डेअरच्या ट्रॅकवर गेला. हौशी लोकांसाठी पैसे भरून दिवसभर गाडी पळवायची सोय असते, तसला दिवस. तिसऱ्या फेरीत सरळ रस्ता संपताना त्याने ब्रेक दाबला आणि पेडल लोण्यात पाय जावा तसं तळाला गेलं. गाडी खडी उडवत बाहेर गेली आणि कडेला रचलेल्या टायरच्या भिंतीपासून दोन हात अलीकडे थांबली. घरी येऊन त्याने 'जरा बाहेर गेलो होतो' एवढंच सांगितलं. केतकीने दोन दिवसांत पूर्ण हकीकत काढून घेतली आणि मग एकच अट घातली. ब्रेक धड असतील तरच पुन्हा जायचं. आईला यातलं काही माहीत नव्हतं.

म्हणून ही सगळी निवडानिवड. डिस्कला दाबून धरणारे पॅड ठरवायलाच त्याला तीन आठवडे लागले. रस्त्यावरचे पॅड फार तापले की पकड सोडतात, ट्रॅकचे तापल्याशिवाय पकडत नाहीत, आणि मधले दोन्हीकडे थोडेथोडे रुसतात. शेवटी ट्रॅकचेच मागवले. ते इंग्लंडहून यायचे, आणि ब्रेक्झिटच्या कृपेने आणखी तीन आठवडे कस्टममध्ये बसून आले. शनिवारी ट्रॅकचा दिवस होता. हे सगळं बसवायला शुक्रवारी त्याने रजा टाकली होती.

"भोकांच्याच बसवतो," त्याने शेवटी सांगितलं.

"तुझी गाडी, तुझी मान," डेक्लन म्हणाला. साध्या डिस्कचा खोका मात्र त्याने उचलला नाही.

शैलेंद्र या माणसाला उलट बोलू शकत नव्हता. एप्रिलमध्ये पिंपरीला बाबा कोविडने गेले. शैलेंद्रला जाता आलं नाही. सगळं त्याने याच टेबलाशी बसून फोनच्या पडद्यावर पाहिलं, तेही मधूनमधून थिजणारं. त्यानंतर तीन शनिवार डेक्लनने यांच्या हिरवळीवर यंत्र फिरवून गवत कापलं. दार वाजवलं नाही, एक शब्द बोलला नाही, कापून निघून जायचा. आणि आता रस्ते खुले झाल्यावर, दोन वर्षांनी, आई आली होती. सकाळी खाली यावं आणि ओट्यापाशी आई असावी, याचं त्याला रोज नव्याने बरं वाटायचं.

गुरुवारी तो साडेपाचला कामावरून आला आणि थेट मागच्या शेडमध्ये गेला. दार उघडताच उदबत्तीचा वास आला.

फळीवर नटबोल्टचे पाने, पक्कड, टॉर्क रेंच, सगळं आकाराप्रमाणे मांडलेलं होतं. प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट आणि एकेक झेंडूएवढं पिवळं फूल, केतकीच्या कुंडीतलं. मध्यभागी भोकांच्या दोन्ही डिस्क, आणि त्यांच्यावर, भोकांच्या ओळींवरून गोल फिरवलेला लालभडक, ओला पट्टा. पॅडचा खोका उघडा होता. चारही पॅडना कुंकू लागलं होतं, नेमकं घासायच्या बाजूला. त्याने एकावर अंगठा फिरवला. बोटाला तेल लागलं.

"आई!"

आई नॅपकिनला हात पुसत आली. चेहरा कौतुकाची वाट पाहणारा.

"खंडेनवमी आहे ना आज. म्हटलं, तू यायच्या आत करून ठेवावं."

"तेल कशाला लावलंस?"

"कुंकू तेलातच कालवायचे ना बाबा. पाण्याने हत्यारांना गंज चढतो म्हणायचे. त्या कपाटात पातळ तेलाची कुपी होती, मशीनच्या तेलासारखी."

"अगं, पण हे पॅड आहेत! ब्रेकचे! तेल प्यायले की संपले ते!" त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "सहा आठवडे, आई. सहा आठवडे लागले मला. कशाला हात लावतेस माझ्या वस्तूंना?"

आईने पॅडकडे पाहिलं.

"लायनर आहेत होय ते," ती हळू म्हणाली. "मला वाटलं, काहीतरी जपायचं सामान आहे. चाकाला मळवट भरायचा असतो, म्हणून भरला. दरवर्षी तेच करायचे. यंदा म्हटलं, मी नाही केलं तर कोण करणार."

ती आत गेली.

बाबा कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. खंडेनवमीला त्यांचे मोजमापाचे व्हर्नियर, मायक्रोमीटर, कॅलिपर पाटावर मांडले जायचे, आणि लहानपणी शैलेंद्रकडे तेलाची वाटी धरायचं काम असायचं. हे त्याला आता आठवलं, ओरडून झाल्यावर. आपण फार वाईट वागलो हे त्याला कळत होतं. पण पॅड गेले होते आणि शनिवार गेला होता, हेही खरंच होतं, आणि माणूस एका वेळी दोन्ही गोष्टी नीट सांभाळू शकत नाही. तो डिस्क उचलून बाहेर अंगणात घेऊन आला. निदान या तरी वाचवाव्यात.

ब्रेक क्लीनरचा फवारा मारून त्याने पहिली डिस्क पुसली. स्वच्छ निघाली. दुसरी पुसली. तीही स्वच्छ निघाली. त्याने दोन्ही भिंतीला टेकवून ठेवल्या आणि पायरीवर बसला. ऊन उतरलं होतं, पण उजेड होता. कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं.

दहा मिनिटांनी तो उठला तेव्हा दुसऱ्या डिस्कवर एका भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत एक लाल केस दिसला. त्याने अंगठ्याने पुसला. गेला. तो बघत राहिला. केस पुन्हा आला.

तो आत गेला, आईच्या खोलीबाहेरच्या फळीवरचा टाल्कम पावडरचा डबा घेऊन बाहेर आला, आणि डिस्कवर पातळ थर भुरभुरवला. मग उकिडवा बसून थांबला. थांबायचं किती, हे त्याला पाठ होतं. गुडघ्याचे कृत्रिम सांधे बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासणीचंच काम करायचा. धातूवर रंगीत पातळ द्रव लावायचा, मुरू द्यायचा, पुसायचा, वर पांढरी पूड टाकायची. कुठे चीर असेल तर आत शिरलेला रंग पुडीवर उमटतो. सहा वर्षं त्याचं पोट असल्याच रेघा शोधण्यावर चाललं होतं. आणि या डिस्कवर रेघ शोधायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं, कारण त्या चमकत होत्या.

पावडरवर हळूहळू चार रेघा आल्या. तीन भोकांच्या अधेमधे. चौथी शेवटच्या भोकातून निघून थेट कडेपर्यंत गेली होती.

त्याने कुंपणावरून डेक्लनला हाक मारली. डेक्लन आला, चष्मा चढवला, वाकला, आणि चारही रेघा एकेक करून पाहिल्या. पहिल्यांदाच त्याने टीकेची संधी सोडली.

"कुणी केली ही तपासणी?" त्याने विचारलं.

"आईने."

"तिलाही कळतं यातलं?"

"नाही," शैलेंद्र म्हणाला. "पूजा केली तिने."

डेक्लनने मान हलवली, जणू हीसुद्धा एक पद्धत असते हे त्याने ऐकलेलं होतं. "सरळ रस्त्याच्या शेवटी तापली असती," तो म्हणाला, "आणि दोन तुकडे. मग टायरची भिंत काही दोन हात लांब राहिली नसती." त्याने डिस्क उचलली आणि काखेत मारली. "ही मी नेतो. तुझ्या घरात ठेवायला नको. साध्या बसव. पॅड नवे मागव. नोव्हेंबरमध्येही ट्रॅक तिथेच असेल."

तो गेल्यावर शैलेंद्रला हात धुवायलाही वेळ लागला. नळ सुरू होता आणि पाणी नुसतंच बोटांवरून जात होतं. त्याला सगळ्यांचे आभार मानावेसे वाटत होते, पाण्याचे, कुत्र्याचे, त्या तीन आठवडे पार्सल अडवून ठेवणाऱ्या कस्टमवाल्याचेसुद्धा. पॅड वेळेवर आले असते तर भोकांच्या डिस्क सप्टेंबरमध्येच गाडीला लागल्या असत्या.

आई ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"चुकलंच माझं. विचारायला हवं होतं. निघालं का रे सगळं पुसून?"

"निघालं."

सांगायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण सांगितलं की ती विचारणार, म्हणजे काय झालं असतं? त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि या वर्षात आईने ते एकदा ऐकलेलं होतं. तो तिच्याजवळ गेला आणि वाकला. दोन्ही हात तिच्या पावलांवर ठेवले. आयर्लंडच्या थंडीसाठी केतकीने आणून दिलेले लोकरी मोजे होते तिच्या पायांत.

"अरे, आज काय? सोनं उद्या द्यायचं. दसरा उद्या आहे," आई गडबडून म्हणाली. पण तिचा हात सवयीने त्याच्या डोक्यावर आलाच होता. "औक्षवंत हो."

"झालो," तो खाली वाकूनच म्हणाला.

आईला वाटलं, थट्टा करतोय. तिने त्याच्या पाठीत हलकेच धपाटा घातला.