भिंतीवरचे मासे

"यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही, साहेब. त्या माशांनी जीव नको केलाय," शिवणवाल्या काकू नगरपालिकेतल्या कारकुनाला म्हणाल्या.

मासे म्हणजे पालिकेच्या इमारतीवर लावलेलं निऑनच्या नळ्यांचं चित्र. दिवेलागणीला खालून वर एकेक मासा पेटायचा आणि समोरच्या घरात खिडकीतून आलेल्या उजेडाने काकूंच्या नवऱ्याच्या पलंगाजवळची भिंत निळी-तांबडी व्हायची. बस चालवण्यात हयात गेलेला माणूस. अर्धांगाने वाचा गेली, उजवी बाजू लुळी पडली. डोळे तेवढे टक्क उघडे. उजेडानेच झोप उडते, असं काकूंनी धरलं.

शेजाऱ्यांनीही त्यांची री ओढली आणि मासे विझले. काकूंनी हुश्श केलं.

नवरा झोपू लागला. सकाळी झोप, दुपारी झोप. संध्याकाळी व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी रजेवर होती, म्हणून काकूच शिवणाचं मशीन थांबवून त्याचा हात धरत.

"उचला की. नुसतं पडून राहायचं ठरवलंय का तुम्ही? मी एकटीने किती ओढायचं?"

तो भिंतीकडे तोंड करून पडून राही.

महिन्याने मुलगी परत आली. "काकू, मासे का बंद?"

"मीच बंद करवले. का गं?"

मुलगी जरा घुटमळली. "एकेक मासा पेटला की काका हात उचलायचे. बोटभरच, पण उजवा. शेवटचा वर पोचला की हसायचेसुद्धा. तुम्ही बाहेरच्या खोलीत मशीनवर असायचात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

सकाळी पालिका उघडताच काकू चपला घालून तडक तिथे गेल्या.

"पुन्हा लावायचे?" कारकून म्हणाला. "तक्रार तुमचीच होती ना?"

"माझीच. चुकलं माझं."

"मग शेजाऱ्यांनाही तुम्हीच समजवा."

काकू घरोघर गेल्या. कुणी कुरकुरलं, कुणी टोमणा मारला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मासे लागले त्या संध्याकाळी त्यांनी मशीन झाकलं, नवऱ्याला उशांना टेकवून बसवलं. पहिला मासा आला. हात हलला नाही. दुसरा आला. नवऱ्याचे डोळे पलंगाजवळच्या भिंतीवर होते, खिडकीबाहेरच्या माशांवर नव्हते.

काकू पलंगाच्या कडेला टेकल्या. त्याचा उजवा हात त्यांनी आपल्या तळव्यावर घेतला आणि तिसरा मासा पेटला तसा बोटभर वर उचलला. मग हळूच खाली ठेवून पुढच्याची वाट पाहत राहिल्या.