कानावर हात

ये, बस असा. चहा येईपर्यंत माझ्या साडूची गंमत सांगतो. तोच, समोरच्या बाकावर बसलाय तो. हळू कशाला बोलतोस? त्याला ऐकू येत नाही, तीच तर गंमत.

आम्ही दोघं लाकूड कापायच्या कारखान्यात. करवतीचं मशीन फिरायला लागलं की आपलाच आवाज आपल्याला परका. त्यात साडूचे कान गेले. गडी लाजाळू. कुणी काही विचारलं की तळहात कानावर ठेवायचा अन् मान हलवायचा. म्हणजे, ऐकू येत नाही बाबा, समोर येऊन सांग.

एकदा मुकादम ओरडला, "पातं कुणी मोडलं?" ह्यानं कानावर हात ठेवला. पोरं खिदळली, "वा काका! कसे कानावर हात ठेवले बघा!"

झालं. पोरांनी तीच खूण उचलली. फळी वाकडी कापली, कानावर हात. डबा कुणी खाल्ला, कानावर हात. तिथून नाक्यावर गेलं, शाळेत गेलं. परवा दूध उतू गेलं, तर माझी सूनबाई मलाच तसा हात करते!

साडूला वाटलं, सगळ्यांचेच कान गेले. जन्मात कधी ऑफिसचा जिना चढला नव्हता, तो चढला. भोंग्यासारखा ओरडला, "शेठ, मशीनचं काहीतरी करा. माझे गेले ते गेले, पोरांचे तरी वाचवा!"

शेठनं मुकादमाकडे बघितलं. "काय रे, हे काय म्हणतोय?" मुकादमानं कानावर हात ठेवला. शेठला हसू आवरेना, त्यानंही ठेवला.

साडू हळहळला. "अरेरे! शेठ, तुमचेपण?"

मी कानाशी तोंड नेऊन घसा फाडला, समजावलं. त्यानं कानावर हात ठेवला. घरी मेव्हणी म्हणते, "काही विचारलं की ह्यांचे कानावर हात. संसाराशी देणंघेणंच नाही." आता विचारतही नाही ती.

मशीन चालूच आहे. माझाही डावा कान चाललाय. सांगू कसं? सांगायची खूण होती, तिचा पार चोथा झाला.

बघ, इकडेच बघतोय तो. आणि तू हसता हसता हात कुठे नेलास? खाली घे बाबा. नाहीतर तुझ्यासाठीपण हळहळत बसेल.