शेटनं पुरा केलेला राब

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसलाच तर सांगा, मी गोष्ट बदलून सांगेन.

तारापूरला विजेच्या मोठ्या कारखान्याचं खोदकाम चालू होतं, त्या उन्हाळ्यातली ही हकिकत. आपल्याच उमरोळीची. समोर मोळी टेकवून ही कमळी बसलीय ना, तिच्या सासूची, बायडीची. कमळे, पाणी पी आणि गप ऐक. तू तेव्हा नवी नवरी, तोंडावरचा पदर निघत नव्हता, तुला काय दिसणार!

तर टेकडीच्या पायथ्याला बायडीचा भाताचा तुकडा. एवढासा, की म्हैस लोळली तर शेपूट शेजाऱ्याच्या शेतात. कसत होती बायडी आणि तिचा नवरा जिवल्या. कागदावर मालक प्रतापशेट. मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवून शेट तबेल्यातल्या म्हशींपेक्षा गुबगुबीत झालेला. कायदा म्हणे, कसणाऱ्या कुळाला जमीन द्या. शेट म्हणे, "कसलं कूळ? ते गवताचं रान. गवत आपोआप उगवतं, त्याला कसतो कोण?" गवताच्या रानावर कुळाचा हक्क लागत नसे, ही खोच त्याला पक्की ठाऊक.

वर हाच शेट सोसायटीतही पंच. बी-खताची उचल कुणाला द्यायची ते ठरवायला बसायचा, आणि 'जोखीम' हा शब्द तोंडात सुपारीसारखा घोळवायचा. आमच्यासारख्या वारली माणसाला उचल दिली की जोखीम. बैल म्हातारा, जोखीम. बैल तरणा, तो पळून जाईल, ही पण जोखीम. स्वतः मात्र गवताच्या गंजीला टेकून विडी ओढायचा. त्याला म्हणायचं धंदा.

तालुक्याचा साहेब पाहणीला येणार ठरलं ते नेमकं वैशाखात. शेतात ना भात ना गवत, जमिनीला टक्कल पडलेलं. जिवल्या भिवंडीकडे वीटभट्टीवर. साहेबानं 'गवत' लिहिलं की बायडीचा तुकडा गेला. 'भात' लिहिलं की तुकडा घरचा, आणि सोसायटीलाही उचल नाकारायला तोंड नाही.

बायडी तोवर राबाला लागलेली. पावसाआधी भाताच्या रोपांची जागा भाजून काढायची, तो राब. खाली शेण, त्यावर टहाळं, त्यावर गवत, वरून मातीचा हात, आणि आग. शेण झालं, टहाळं रचून झाली. गवत कुठनं आणणार? शेटनं रानातल्या काडीला हात लावू दिला नव्हता.

मी म्हटलं, "बायडे, गवत मी आणतो. शेटकडनं."

"दादू," ती म्हणाली, "तुझं डोकं उन्हानं उतलंय."

मी तडक वखारीत. म्हटलं, "शेट, साहेबाला उघडी जमीन दाखवायची म्हणजे केवढी जोखीम!" जोखीम म्हणताच त्यानं विडी विझवली. म्हणाला, "मग करू काय?" म्हटलं, "गवत पसरा तिच्यावर. साहेबाला दिसेल काय? गवत!"

शेटचा जन्म गेला वखारीत. भात पाहिलेलं ते ताटात. राब म्हणजे काय ते त्याच्या बापालाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळच्या आत गाड्या आल्या, आणि शेटच्या गड्यांनी बायडीच्या टहाळांवर असं गवत अंथरलं, की जावयासाठी गादी घालावी.

सकाळी साहेब आला. पेणकडचा माणूस, भातातच वाढलेला. शेटनं हात पसरले, "बघा साहेब, गवतच गवत!"

साहेबानं छत्रीचं टोक खुपसलं. गवत निघालं. आणखी खुपसलं. टहाळं. आणखी खाली, शेण.

"शेट, गवताखाली शेण कुणी घातलं?"

"गुरं हगतात साहेब."

"इतकी ओळीनं?"

तेवढ्यात बायडी पुढं झाली. "साहेब, ह्यो आमचा राब हाय. गवत तेवढं कमी व्हतं, ते शेटनं घातलं. बापासारखा मानूस!" आणि काडी ओढून दिली लावून.

काय पेटला म्हणता! धूर असा चढला, की सातपाटीच्या बाया आभाळ भरलं समजून वाळत घातलेले बोंबील गोळा करायला धावल्या. चिंचणीच्या होड्या वादळाच्या भयानं माघारी फिरल्या. शेटच्या अर्ध्या मिशा गेल्या. उरलेल्या अर्ध्या त्यानं शरमेनं स्वतः काढल्या. साहेबानं डोळे पुसत लिहिलं, 'भात'. तुकडा बायडीचा झाला.

पण खरी गंमत पुढं. बायडीनं त्या ऊन राखेत मूठभर बी फेकलं. साहेब म्हणाला, "अगं बाई, जळेल ना!" मी त्याचा हात धरून राखेत घातला, आणि त्याच्या बोटांच्या बेचक्यांतून हिरवे कोंब वर! दुपारपर्यंत लोंब्या धरल्या. साहेब त्याच भाताला जेवला, माझ्या मांडीला मांडी लावून—

"ए आजा, पुरं कर खोटं!" कमळी उठलीच. "सायेब जेवला तो भात आमच्या कणगीतला, मी रांधलेला. आनि तू कुठं व्हतास पंगतीला? शेटच्या वखारीत गेलास म्हनं! त्या सकाळी शेटची गाडी लांबून दिसली तसा ताडावर चढलास तो दिवसभर खाली उतरला नायस. राब पेटला तसा वर बसून खोकत व्हतास. सायेबानं इचारलं, 'वर कोन खोकतंय?' सासू म्हनाली, 'कोन नाय सायेब, वांदर हाय!'"