आठ लाख सत्तर हजार

माणूस जगातल्या कुठल्याही अन्यायाला क्षमा करू शकतो. अर्ध्यावर तुटलेल्या पराक्रमाला मात्र क्षमा नसते. डॅरेल होस्टेटलरचा पराक्रम लघवी लागल्यामुळे अर्ध्यावर तुटला होता.

गोष्ट एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या मार्चमधली. फॉक्स रन मॉलच्या तळमजल्यावर, बुटांचं दुकान आणि प्रेट्झेलचा ठेला यांच्या मधोमध ‘कॉस्मिक केव्ह’ नावाची व्हिडिओ गेमची काळोखी गुहा होती. तिथल्या उल्का फोडायच्या मशीनसमोर सोळा वर्षांचा डॅरेल शाळा सुटल्यापासून उभा होता. एका नाण्यावर आठ लाख सत्तर हजार गुण, आणि वर अकरा यानं, म्हणजे अकरा जीव, शिल्लक. एवढी यानं गाठीला असली की खेळाडू मशीन तसंच सोडून जाऊन येई. तोवर दोन-चार यानं आपोआप फुटत, पण खेळ चालू राही. नियम एकच: पहाऱ्याला जिवलग मित्र ठेवायचा, आणि त्याने बटणाला बोट लावायचं नाही. डॅरेलने किप नोवॉटनीला उभं केलं. परत आला तर पडदा काळा.

"स्टॅम्बॉ," किप म्हणाला होता. "म्हाताऱ्याचा पाय वायरीत अडकला. मी ओरडलो रे, पण गेलंच."

मिस्टर स्टॅम्बॉ मॉलचे सुरक्षारक्षक. त्या दिवसापासून डॅरेल त्यांच्याशी एक अक्षर बोलला नाही. मोठेपणी तो घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करू लागला. एका जानेवारीत स्टॅम्बॉंची भट्टी बंद पडली, तेव्हा ओहायोच्या त्या थंडीत त्याला सवड मिळायला चार दिवस लागले. म्हातारा वारला तेव्हा सगळं गाव चर्चमध्ये होतं. डॅरेल छपराच्या पन्हळी साफ करत होता. किप मात्र त्याच्या लग्नात शेजारी उभा राहिला, थोरल्या मुलीचा धर्मपिता झाला, आणि दर नाताळाला तोच एक विनोद सांगत आला. डॅरेल दर नाताळाला हसत आला.

आता मॉल पाडायचा ठरला होता. त्याआधीच्या शनिवारी जुनी मशीनं भाड्याने आणून गुहा एक दिवसापुरती उघडली. गावच्या इतिहास मंडळाने दाराशी टेबल मांडलं होतं. कुठल्या मशीनवर सगळ्यात मोठा आकडा कुणाचा ते ठरवून त्यांच्या नावांची पितळी पाटी करून संग्रहालयात लावायची होती. अट एवढीच, की साक्षीदार हवा.

"इस्त्रीचा शर्ट?" सकाळी बायको जनीनने विचारलं. "आपल्या लग्नात तरी घातला होतास का?"

"लग्नात पाटी नव्हती," डॅरेल म्हणाला.

गुहेत शिरल्यावर जुन्या सवयीने त्याने मशीनच्या काचेच्या कडेला पंचवीस सेंटचं नाणं ठेवलं. म्हणजे पुढचा डाव माझा. देखरेखीच्या मुलीने ते उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. "आजोबा, तुमचं पडलं. आज सगळं फुकट आहे."

डॅरेल छप्पन्न वर्षांचा होता. फुकट म्हटल्यावर नंबर लावण्याला अर्थच उरला नव्हता. पोरं मनाला येईल तिथे घुसत होती आणि हरायच्या आधीच कंटाळत होती.

टेबलामागे बेव्हर्ली योडर बसल्या होत्या. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती, तरी गाव त्यांच्यापुढे हळूच बोलत असे.

"नाव ठाऊक आहे. आकडा सांग."

"आठ लाख सत्तर हजार. आणि अकरा यानं शिल्लक."

"शिल्लक लिहीत नाहीत. साक्षीदार?"

किप प्रेट्झेल खात आला. "मी, मी. या डोळ्यांनी पाहिलाय आकडा."

"मग खेळ संपला कसा? तसा रकाना आहे."

"स्टॅम्बॉंचा पाय," डॅरेल म्हणाला.

किपने बोटावरची मोहरी चाटली. "छे रे. आता म्हातारा गेला, मॉलही चालला, आता कशाला लपवायचं. वायर मी ओढली."

हा नाताळातलाच दुसरा विनोद असावा असं डॅरेलला वाटलं. सवयीने तो थोडा हसलासुद्धा.

"अरे, घरी जायला गाडी तुझ्याकडेच होती," किप म्हणाला. "सहा वाजत आलेले. गुरुवारी आमच्याकडे जेवायला खिम्याचा मीटलोफ असायचा, आणि उशीर झाला की बाबा माझा वाटा भावाला द्यायचे. तू तर अकरा यानं घेऊन हलला नसतास."

"मीटलोफ."

"आईच्या हातचा होता, लेका."

"मी तुला नुसतं उभं राहायला सांगितलं होतं, किप."

"आणि बटणाला बोट लावलं नाही हं मी. नियम पाळला."

"मी त्या माणसाला चार दिवस थंडीत काकडवलं."

"ते मी सांगितलं नव्हतं," किप म्हणाला. मग जरा खाली बघून, "मला वाटलं, दोन दिवसांत विसरशील. तू विसरेनास. मग लग्नात मलाच शेजारी उभं केलंस. तिथे कसं सांगणार? पाद्री बोलत होता."

डॅरेल टेबलाची कड धरून उभा राहिला. एका वाक्यात त्याचा शत्रू गेला आणि मित्रही गेला; आणि दोघांपैकी ज्याची माफी मागायला हवी होती, तो दफनभूमीत होता. समोर जो उरला होता, तो प्रेट्झेलचा अर्धा तुकडा पुढे करत होता.

"घे. गरम आहे."

डॅरेलने घेतला नाही.

"साक्ष लिहू की नको?" बेव्हर्लीबाईंनी विचारलं. "मागे लोक ताटकळलेत."

"लिहा," डॅरेल म्हणाला. "आकडा तरी खरा आहे ना. तो कुणी ओढून नेला नाही. त्या मशीनवर माझ्यापुढे कुणी नव्हतं."

बाईंनी चष्मा चढवून गुहेच्या मालकाची जुनी वही उघडली आणि पानावरून बोट फिरवलं. "मार्च चौऱ्याऐंशी. उल्का. हे तर आयलीन डॉम्ब्रोव्स्कीचं आहे. दातांच्या डॉक्टरची बायको. चौदा लाख बारा हजार. रोज सकाळी खेळायला यायची."

"पडद्यावर तिचं नाव मी एकदाही पाहिलं नाही."

"दिसणार कसं? अडीच वाजता मालक आकडा वहीत उतरवून घ्यायचा आणि नाणी काढायला मशीन बंद करायचा. नावं पुसली जायची." बाईंनी वही मिटली. "शाळा सुटायची तीनला."